चक्रीवादळ निवारा आणि गावाचे सभागृह : ओडिशातील एका इमारत-प्रकाराची चिकित्सा

स्थापत्य अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांत दरवर्षी एखादे तरी 'बहुउद्देशीय सामाजिक सभागृह' असतेच. नकाशावर मोठे दालन, मंच, स्वयंपाकघर, एका कोपऱ्यात शौचालये. आणि अहवालाच्या शेवटी एक वाक्य : आपत्तीच्या काळात या इमारतीचा निवारा म्हणून उपयोग करता येईल. तो कसा करता येईल, याचा मागमूस मागच्या गणितांत कुठेही नसतो. या टिपणात आपण अशा इमारतींकडे पाहणार आहोत, ज्यांच्या बाबतीत हेच वाक्य उलट्या टोकाने लिहिले गेले. ओडिशाच्या किनाऱ्यावरचे चक्रीवादळ निवारे आधी निवारे म्हणून आखले गेले आणि 'इतर दिवशी शाळा, अंगणवाडी, सभा-समारंभ यांसाठी' हे वाक्य त्यांच्या अहवालात शेवटी आले. माझे म्हणणे असे की ही इमारत वादळाच्या रात्री उत्तम काम करते, पण वादळानंतरच्या तिसऱ्या दिवशी आणि वर्षातल्या बाकीच्या साध्या दिवशी ती कमी पडते. आणि साध्या दिवशी कमी पडणारी इमारत वादळाच्या रात्रीपर्यंत शाबूत राहीलच, याची खात्री नसते.

आधी तिचे श्रेय. २९ ऑक्टोबर १९९९ रोजी पारादीपजवळ जे महाचक्रीवादळ किनाऱ्यावर आले, त्यात जवळजवळ दहा हजार माणसे गेली. सर्वाधिक हानी जगतसिंहपूर जिल्ह्यातील एरसमा भागात झाली आणि तिथे मुख्यतः समुद्राच्या आत शिरलेल्या पाण्याने माणसे मारली. त्या वेळी किनाऱ्यावर रेड क्रॉसने बांधलेले मोजकेच निवारे होते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राज्याने स्वतंत्र आपत्ती प्राधिकरण स्थापन केले. निवाऱ्यांच्या जागा ठरवण्यासाठी खरगपूरच्या आयआयटीचे साहाय्य घेतले आणि पुढच्या दोन दशकांत राज्याच्या निधीतून व जागतिक बँकेच्या कर्जातून आठशेहून अधिक निवारे उभे केले. १२ ऑक्टोबर २०१३ रोजी गोपालपूरजवळ 'फायलिन' आले, तेव्हा सुमारे दहा लाख लोकांना हलवले गेले आणि मृत्यू पन्नासच्या आत राहिले. ३ मे २०१९ रोजी पुरीजवळ 'फनी' आले. सुमारे बारा लाख लोक हलवले गेले, मृत्यू ६४. हे सगळे यश इमारतींचे नाही. हवामान खात्याचे अंदाज सुधारले, गावोगाव स्वयंसेवक तयार झाले, आणि हलवलेल्या लोकांपैकी पुष्कळ जण साध्या पक्क्या शाळांतच राहिले. तरीही रात्री जाण्यासाठी एक भक्कम जागा आहे, हे ठाऊक असल्याशिवाय किनाऱ्यावरचा माणूस घर सोडत नाही. तेवढे श्रेय या इमारतींना दिलेच पाहिजे.

आराखडा सगळीकडे साधारण एकाच कुळातला आहे. तळमजला मोकळा, फक्त कॉलम. त्यावर एक किंवा दोन मजले, त्यांत दालने. बाहेरून जिना, सोबत रॅम्प. वर सपाट आरसीसी गच्ची.

फलकावरचा आकडा

या निवाऱ्यांबद्दल एक आकडा नेहमी सांगितला जातो : ताशी ३०० कि.मी. वाऱ्याला टिकणारी इमारत. हा आकडा ऐकून समाधान मानू नका. कुठल्याही वाऱ्याच्या वेगाला तीन प्रश्न विचारायचे असतात : किती उंचीवरचा, कसल्या भूभागावरचा आणि किती वेळाची सरासरी? आयएस ८७५ भाग ३ (२०१५) मधला मूळ वेग हा दहा मीटर उंचीवरचा, तीन सेकंदांच्या झोताचा आहे. भारतीय हवामान खाते चक्रीवादळाचा जो वेग जाहीर करते, तो तीन मिनिटांच्या सरासरीचा असतो. १९९९ च्या वादळाचा वेग ताशी २६० कि.मी.च्या आसपास होता असे आपण म्हणतो, तेव्हा तो ही सरासरी असते; त्यातले तीन सेकंदांचे झोत याहून पाव पट किंवा अधिकही जास्त असू शकतात. म्हणजे सव्वातीनशेच्या पुढे. मग ३०० पुरे आहे की नाही?

गणित करून पाहू. ओडिशाच्या किनाऱ्यावर मूळ वेग सेकंदाला ५० मीटर. शंभर वर्षांच्या आयुष्यासाठी जोखीम गुणांक १.०८. समोर उघडा समुद्र, म्हणून दहा मीटर उंचीला भूभाग गुणांक १.०५. आणि किनाऱ्यापासून ६० कि.मी.च्या पट्ट्यात, वादळानंतर ज्यांची गरज लागते अशा इमारतींसाठी महत्त्व गुणांक १.३०, चक्रीवादळ निवारे, रुग्णालये, शाळा यांचा संहितेत याच ठिकाणी उल्लेख आहे. गुणाकार केला की सेकंदाला ७३.७ मीटर, म्हणजे ताशी २६५ कि.मी. मिळतात. दाब म्हणजे ०.६ गुणिले वेगाचा वर्ग : दर चौरस मीटरला ३.२६ किलोन्यूटन. त्याच जागी साधे घर असते तर जोखीम आणि महत्त्व हे दोन्ही गुणांक १ धरून १.६५ किलोन्यूटन आले असते. म्हणजे सभागृहाला 'निवारा' म्हणायचे ठरवले त्या क्षणी वाऱ्याचा भार जवळजवळ दुप्पट झाला. तुमच्या अहवालातल्या त्या शेवटच्या वाक्याची किंमत एवढी आहे.

आता भार वाढवण्याचा १.५ हा गुणांक लावला की वेगाच्या भाषेत १.५ च्या वर्गमुळाएवढी, म्हणजे सुमारे १.२२ पट राखीव ताकद मिळते. २६५ चे ३२४ होतात. ३०० वर आराखडा केला असेल तर ३६७. त्यामुळे इमारतीची चौकट पडेल असे कोणी म्हणू नये. माझी तक्रार वेगळी आहे. फलकावरच्या ३०० या आकड्यात झोत की सरासरी, राखीव ताकद धरून की सोडून, यातले काहीच कळत नाही. आणि ज्या गोष्टीने इमारत आतून निकामी होते, तिचा त्या आकड्याशी संबंधच नसतो. ती गोष्ट म्हणजे खिडकी.

सपाट गच्चीवर वारा वरच्या दिशेने ओढ लावतो. मोजमापापुरता बाहेरचा गुणांक ०.८ धरू आणि क्षेत्रफळाचे बारीक गुणांक बाजूला ठेवू. सगळी दारे-खिडक्या बंद असतील तर आतल्या हवेचा गुणांक ०.२; मिळून १.०, म्हणजे ओढ ३.२६ किलोन्यूटन. १५० मिलिमीटरच्या स्लॅबचे स्वतःचे वजन ३.७५. स्लॅब आपल्या वजनानेच बसून राहतो. आता वाऱ्याच्या बाजूच्या चार खिडक्यांची झडपे तुटली. भिंतीतली उघडी जागा पाच टक्क्यांच्या पुढे गेली, आतला गुणांक ०.५ झाला. ओढ ४.२४. स्लॅबच्या वजनापेक्षा जास्त. आरसीसी चौकटीत स्लॅब बीमशी एकजीव असतो, म्हणून तो उडून जाणार नाही; पण त्याचा वाक उलटतो. जिथे खालच्या बाजूला सळई लागते असे आपण शिकलो, तिथे वरच्या बाजूलाही लागते. किती विद्यार्थ्यांनी आपल्या सभागृहाच्या स्लॅबची ही तपासणी केली आहे? पत्र्याचे छप्पर असेल तर प्रश्नच नाही : पत्रा आणि त्याखालच्या पट्ट्या यांचे वजन या ओढेच्या तुलनेत नगण्य असते. या निवाऱ्यांची काँक्रीटची गच्ची हा त्यांतला सर्वांत शहाणा निर्णय आहे.

मोकळा तळमजला

दुसरा शहाणा निर्णय तळमजला मोकळा ठेवण्याचा. समुद्राचे पाणी आत येते तेव्हा त्याला अडवायचे नसते, वाट द्यायची असते. कॉलममधून पाणी निघून जाते. भिंत असती तर तिच्यावर सगळा जोर आला असता.

पण याच रचनेला दुसऱ्या संकटाच्या भाषेत वेगळे नाव आहे. वर विटांच्या भिंतींनी भरलेले ताठर मजले आणि खाली नुसते कॉलम, म्हणजे 'मऊ मजला'. २६ जानेवारी २००१ च्या भूजच्या भूकंपात अहमदाबादमध्ये ज्या बहुमजली इमारती कोसळल्या, त्यांत खाली मोटारींसाठी मोकळा मजला असलेल्या इमारती मोठ्या संख्येने होत्या. पुरी, कटक, भुवनेश्वर हा पट्टा आयएस १८९३ (२०१६) प्रमाणे तिसऱ्या भूकंप क्षेत्रात येतो. म्हणजे पाण्यासाठी मोकळा ठेवलेला मजला भूकंपासाठी पुन्हा ताठर करावा लागतो. यावर उपाय आहे : काही काँक्रीटच्या भिंती पाण्याच्या प्रवाहाला समांतर उभ्या करायच्या आणि आडव्या दिशेला कॉलम मोठे घ्यायचे किंवा तिरकस बांध द्यायचे. दोन संकटांची मागणी एकमेकांविरुद्ध जाते तेव्हा दोन्ही आराखडे एकाच कागदावर काढावे लागतात. वाऱ्याचे गणित एका गटाकडे आणि भूकंपाचे दुसऱ्याकडे दिले तर हे कधीच उघडकीला येत नाही.

याहून अवघड प्रश्न नंतरचा आहे. मोकळा तळमजला गावाला रिकामा दिसतो. तिथे खताची पोती ठेवता येतील, एक खोली काढून दुकान गाळा करता येईल, शाळेला आणखी एक वर्ग मिळेल. चार विटांच्या भिंती घालायला ना अभियंता लागतो ना परवानगी. भिंती घातल्या की पाण्याची वाट बंद होते आणि इमारतीचा ताठरपणाही एका बाजूला झुकतो. या प्रकाराला गावाचा अडाणीपणा म्हणू नये. गावाला जमिनीलगतची, सावलीची जागा हवी होती आणि आराखड्याने ती जागा निनावी सोडली. नाव नसलेली जागा कोणीतरी बळकावतोच. तळमजल्याला पहिल्या दिवसापासून काम दिले असते (धान्य वाळवण्याची ओटी, बाजाराच्या दिवशी बसायची जागा, लग्नाची पंगत), तर तिथे भिंत घालायला गावातल्यांनीच विरोध केला असता.

ओडिशाच्या गावांत बसायची अशी जागा पूर्वीपासून आहे. तिला भागवत टुंगी म्हणतात. संध्याकाळी गावकरी जमतात, जगन्नाथ दासांचे ओडिया भागवत वाचले जाते, आणि त्याच ठिकाणी गावाचे तंटेही सुटत आले आहेत. ती इमारत लहान, रस्त्यालगत, सहज पाय टाकता येईल अशी. नव्या निवाऱ्याचे सभागृह मात्र एक मजला वर आहे. वादळाच्या रात्री ती उंची जीव वाचवते; इतर संध्याकाळी म्हाताऱ्या माणसाला तीच उंची चढवत नाही. रॅम्प आहे, पण रोज चढण्यासाठी रॅम्प हे उत्तर नव्हे. जमण्याची जागा खाली आणि आसऱ्याची जागा वर, असे दोन मजल्यांचे काम वेगळे केले असते तर टुंगी निवाऱ्याच्या सावलीत आली असती. हा विचार फारसा खर्चिकही नाही : एक ओटा, दोन दिवे, एक फळा.

जनावरांचे काय, हा प्रश्नही याच मजल्यावर येऊन अडतो. गाय-म्हैस मागे सोडून जायला माणूस तयार होत नाही, आणि शेवटच्या घटकेपर्यंत थांबतो. मोकळ्या तळमजल्यात जनावरे बांधायची म्हटले तर जो मजला पाण्याखाली जाण्यासाठीच सोडला आहे, तिथे आपण ती बांधतो आहोत. बांगलादेशाने १९७० च्या भोला चक्रीवादळानंतर मातीचे उंच टेकाड उभारायला सुरुवात केली. त्याला तिथे 'किल्ला' म्हणतात. पाणी आले तर जनावरे टेकाडावर, इतर दिवशी त्याच टेकाडावर मुले खेळतात. इमारतीच्या नकाशात मातीचा ढीग दाखवायला आपल्या विद्यार्थ्यांना संकोच वाटतो. तो वाटू नये.

हजार माणसे एका दालनात

निवाऱ्याची क्षमता साधारणपणे हजार किंवा त्याहून जास्त माणसांची सांगितली जाते. आपण हजार धरू. खडूने वर्गाच्या फरशीवर एक मीटर बाय साठ सेंटिमीटरचा चौकोन आखा आणि त्यात पाठीवरची पिशवी घेऊन मांडी घालून बसा. एका माणसाला ०.६ चौरस मीटर. हजार माणसांना ६०० चौरस मीटर. बसता येते, झोपता येत नाही, मुलाला मांडीवरून खाली ठेवता येत नाही.

विद्यार्थ्यांना पहिली काळजी स्लॅबची वाटते. एवढी गर्दी झाली तर? ती काळजी इथे जवळजवळ अनाठायी आहे. साठ किलोचा माणूस ०.६ चौरस मीटरवर बसला तर भार दर चौरस मीटरला सुमारे १ किलोन्यूटन. आयएस ८७५ भाग २ मध्ये वर्गखोलीसाठी ३ आणि बांधीव आसने नसलेल्या सभागृहासाठी ५ किलोन्यूटन धरायला सांगितले आहे. माणसे दाटीने उभी राहिली तरच ३ च्या जवळ जाते. आराखडा ५ वर करा, कारण संहिता तसे सांगते आणि इमारत सभागृह आहे. पण भीती तिथे शोधू नका.

ती हवेत शोधा. स्वस्थ बसलेला माणूस साधारण १०० वॉट उष्णता बाहेर टाकतो. हजार माणसे म्हणजे १०० किलोवॉट. दीड टनाचे वातानुकूलन यंत्र सुमारे ५.३ किलोवॉट उष्णता काढते. अशी एकोणीस यंत्रे लागतील, आणि वादळात वीज तर नसतेच. मागच्या गणितात आपण काय सांगितले? खिडक्या बंद ठेवा, नाहीतर आतला दाब वाढतो. आणि आता सांगतो आहोत की खिडक्या उघडा, नाहीतर माणसे घुसमटतील. या इमारतीचा खरा तिढा हा आहे, आणि चौकटीच्या आकड्यांनी भरलेल्या अहवालांत त्याला अर्धे पानही मिळत नाही. वाऱ्याच्या विरुद्ध बाजूच्या खिडक्या उघडल्या तर आतला दाब उलट कमी होतो आणि हवाही खेळते. पण वादळाचा डोळा डोक्यावरून गेला की वारा उलट दिशेने येतो आणि मघाची सुरक्षित बाजू आता तोंडावर येते. म्हणजे सर्व बाजूंना आतून बंद होणारी, एका माणसाला हाताने फिरवता येतील अशी भक्कम झडपे हवीत. छताजवळ जाळीच्या लांबट झरोक्यांची ओळ हवी, ज्यांची एकूण जागा भिंतीच्या पाच टक्क्यांत राहील. आणि कोणती बाजू कधी उघडायची, हे ठाऊक असलेला माणूस दालनात हवा. शेवटची गोष्ट सिमेंटने होत नाही. शाळेच्या शिक्षकाने, अंगणवाडीच्या ताईने रोज त्या खिडक्या उघडल्या-मिटल्या असतील तर त्या रात्री त्या अडकणार नाहीत.

आता पाणी. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१६ मध्ये मदत केंद्रांसाठी किमान मानके ठरवली : माणशी ३.५ चौरस मीटर छताखालची जागा, पिण्यासाठी रोज ३ लिटर आणि शौचालय-हातधुणीसाठी १५ लिटर पाणी, दर तीस माणसांमागे एक शौचालय. हजार माणसांना ही मानके लावली तर ३,५०० चौरस मीटर, रोजचे १८,००० लिटर पाणी आणि ३४ शौचालये. वादळाच्या एका रात्रीच्या निवाऱ्याला मदत केंद्राचे मानक लावणे अन्यायाचे आहे, हे मान्य. ३,५०० चौरस मीटर कोणी बांधणार नाही, बांधूही नये. पण पाणी आणि शौचालय यांत सूट देता येत नाही, कारण माणसाला एका रात्रीतही दोन्ही लागतात. दाटीने बसलेल्या दालनातून बाईला रात्री शौचालयाला जायचे असेल आणि शौचालय जिन्याखाली, पाण्याच्या पातळीत किंवा पुरुषांच्या घोळक्यापलीकडे असेल, तर ती जात नाही. पुढच्या वेळी ती निवाऱ्यातच येत नाही. बांगलादेशात १९९१ च्या वादळात स्त्रियांचे मृत्यू पुरुषांपेक्षा बरेच अधिक झाले. त्यामागच्या कारणांत निवाऱ्यांत स्त्रियांसाठी वेगळी सोय नसणे हेही एक होते. त्यामुळे शौचालये दालनाच्याच मजल्यावर, स्त्रियांच्या खोलीला लागून आणि त्यांचे मैलाटाके पाण्याची पातळी वाढली तरी उलटे भरणार नाही असे हवे. पैसे कमी पडले तर दालन लहान करा, हे कमी करू नका.

पाण्याच्या बाबतीत तर आराखडा आश्चर्य वाटावे इतके निसर्गाकडे पाठ फिरवून होतो. जमिनीतली टाकी आणि विंधन विहीर खाऱ्या पाण्याखाली जातात. आणि त्याच वेळी डोक्यावर धो-धो पाऊस पडत असतो. ५०० चौरस मीटरच्या गच्चीवर १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे ५०,००० लिटर. वाया जाणारे आणि पहिले सोडून द्यायचे पाणी वजा केले तरी दोन दिवस पुरेल. त्यासाठी दालनाच्या पातळीवर टाकी हवी. ३६,००० लिटरची टाकी म्हणजे ३६ टन. तो भार सुरुवातीपासून चौकटीत धरला पाहिजे, मागाहून गच्चीवर काळ्या प्लास्टिकच्या टाक्या आणून ठेवता येत नाहीत. शाळेला हेच पाणी उन्हाळ्यात लागते.

तिसरा दिवस

फनीने एक गोष्ट स्पष्ट केली. लोक एका रात्रीपुरते आले, वादळ दुसऱ्या दिवशी ओसरले, पण पुरी जिल्ह्यात वीज यायला कितीतरी आठवडे लागले आणि हजारो घरांची छपरे गेलेली होती. ज्यांना परत जायला घर नव्हते त्यांच्यासाठी निवाऱ्याचे मदत केंद्र झाले, आणि मग ती ३.५ चौरस मीटरची फूटपट्टी खरोखरच लागू झाली. वर्षभरात, मे २०२० मध्ये अम्फान आले तेव्हा साथीमुळे माणसांत अंतर राखायचे होते. हजारांच्या दालनात हजार माणसे बसवण्याचा हिशेब तिथेच संपला, आणि काही निवारे आधीच विलगीकरणासाठी दिलेले होते.

निवाऱ्यांत जनित्र, झाडे कापायची करवत, स्ट्रेचर, भोंगा असे साहित्य ठेवलेले असते. ही व्यवस्था चांगली आहे. पण जनित्राला डिझेल लागते आणि महिनोन्महिने न चालवलेले जनित्र वेळेवर सुरू होईलच असे नाही. गच्चीवर सौर पट्ट्या असाव्यात की नाहीत यावर दोन मते आहेत. एवढ्या वाऱ्यात त्या उडतील, हा आक्षेप खरा आहे. पण त्या काढून आत ठेवता येतील अशा खाचेत बसवता येतात, आणि त्यांवर रोज शाळेचे पंखे चालत असतील तर त्या बिघडल्या हे लगेच कळते. मला दुसरी बाजू अधिक पटते.

किल्ली आणि गंज

१९ नोव्हेंबर १९७७ रोजी आंध्र प्रदेशात दिविसीमा भागात आलेल्या वादळानेही सुमारे दहा हजार बळी घेतले. त्यानंतर तिथल्या किनाऱ्यावर निवारे बांधले गेले आणि त्यांतले अनेक पुढे देखभालीअभावी जीर्ण झाले. कारण रसायनशास्त्राचे आहे. खाऱ्या हवेतले क्लोराइड काँक्रीटमधून सळईपर्यंत पोहोचते, सळई गंजून फुगते, कवच फुटते, मग पाणी सरळ आत. आयएस ४५६ यासाठीच किनाऱ्यावरच्या उघड्या काँक्रीटला किमान एम३० प्रत आणि ४५ मिलिमीटर कवच, आणि खाऱ्या तुषारांच्या जागी एम३५ आणि ५० मिलिमीटर सांगते. कागदावर हे सगळे असते. पण कंत्राटात सळईखाली ठेवायचे ठोकळे कोण मोजतो? कवच पंचवीस मिलिमीटर पडले तर उद्घाटनाच्या दिवशी इमारत तितकीच देखणी दिसते. दहा वर्षांनी छताचा पोपडा पडतो, आणि तो कोणाला दिसतो, यावर पुढचे सगळे ठरते. वर्गात मुले बसत असतील तर शिक्षक तक्रार करतो. कुलूप असेल तर पोपडे पडत राहतात.

ओडिशाने यासाठी प्रत्येक निवाऱ्याला गावाची व्यवस्थापन समिती दिली, देखभालीसाठी स्थायी निधीची सोय केली, आणि समारंभासाठी भाडे घेण्याची मुभा ठेवली. हे धोरण या आराखड्यापेक्षा पुढचे आहे. पण लग्नासाठी दालन भाड्याने घेणाऱ्याला काय हवे असते? जमिनीलगत मांडव, स्वयंपाकाला पाणी, खरकटे टाकायला जागा, नवरीच्या माणसांना एक बंद खोली, आणि हजार पाहुण्यांना पुरतील अशी शौचालये. ही यादी निवाऱ्याच्या यादीशी ताडून पाहा. जवळजवळ सगळे तेच आहे : पाणी, शौचालय, स्त्रियांची खोली, स्वयंपाक. म्हणून 'दोन उपयोगांत तडजोड करावी लागते' हे अभियंत्यांचे नेहमीचे वाक्य मला पटत नाही. तडजोड उंचीत आहे, खिडकीत आहे. बाकी बहुतेक ठिकाणी लग्नासाठी जे केले असते तेच वादळासाठी उपयोगी पडले असते.

जाता जाता एक गोष्ट कोकणातल्या आणि गोव्यातल्या विद्यार्थ्यांसाठी. महत्त्व गुणांकाचा १.३० हा नियम संहितेत पूर्व किनारा आणि गुजरातचा किनारा यांच्यापुरताच आहे. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' रायगडच्या किनाऱ्यावर अलिबागच्या दक्षिणेला आले, तिथे २०१५ च्या संहितेप्रमाणे तो १.० धरूनही सभागृह कायदेशीरच ठरते. १.३० चा वर्ग १.६९. गावच्या समाजमंदिरालाच तुम्ही निवारा म्हणणार असाल तर तो वाढीव ६९ टक्के भार संहिता मागत नाही म्हणून सोडून द्यायचा, की स्वतःहून धरायचा आणि अहवालात कारण लिहायचे, हे तुम्हाला ठरवावे लागेल. मी माझ्या वर्गात तो धरायला लावतो. बहुतेक वेळा कॉलमच्या सळईत पडणारा फरक किरकोळ असतो. झडपा, बिजागऱ्या आणि पत्र्याचे बोल्ट यांच्यात तो जास्त पडतो, आणि नकाशात नेमके त्यांचेच तपशील काढलेले नसतात.